अक्काची परडी

माझं शुद्धलेखन चुकेल, ते पोटात घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते किराण्याची यादी आणि मेसच्या मुलींची हजेरी, एवढंच. अक्षरही वाईट आहे. ओळ वर चढते आणि शेवटाला खाली घसरते. ही वही आमच्याकडं जेवणाऱ्या एका मुलीची. निम्मी कोरी राहिली म्हणून तिनं ती मला दिली. मी हे कुणाला दाखवणार नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. भाजीत मीठ कमी आहे असं कुणी म्हणालं तरी मी मान खाली घालून मिठाची बरणी पुढं सरकवते. पण एक गोष्ट फार दिवस एकटीनं वागवली, आता ती कुठंतरी ठेवावी वाटते.

आमचं गाव लातूरच्या दक्षिणेला, भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. घरात आम्ही दोघी जावा. थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे. तिला एक मुलगा, मला एक मुलगी, दोघांत वर्षाचं अंतर. माझ्या बाळंतपणात अक्कानंच मला न्हाऊ घातलं, शेकलं. हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून ती वाईट बाई होती असं वाटेल.

भूकंपाच्या वर्षी गणपतीत माझी आई नांदेडच्या सरकारी दवाखान्यात होती. मुलगी सात वर्षांची. मी तिला बरोबर नेणार होते. अक्का म्हणाली, “दवाखान्यात लेकराला कुठं निजवशील? ऱ्हाऊ दे हितं. गणपती बघू दे तिला. माझं एक खातंय तिथं दोन खातील.” मुलगी नाचायलाच लागली. मालक आणि मी एसटीत बसलो.

गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. नांदेडला आम्हाला खाट कुणीतरी हलवल्यासारखं वाटलं, तेवढंच. कळलं ते उजाडल्यावर. गावाजवळ पोचलो तेव्हा ओळखीचं काही उरलं नव्हतं, सगळीकडं दगड आणि पांढरी माती. बाभळीखाली अक्का बसली होती. मांडीवर तिचा मुलगा, डोक्याला फडकं बांधलेला, पण डोळे उघडे. मी तिच्यासमोर उभी राहिले. ती वर न बघता म्हणाली, “एकच हाताला लागलं, बाई. अंधारात एकच लागलं.”

त्यानंतर बारा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, पण मला भांडताही येत नाही.

आम्ही दोघं लातूरला आलो. मालक मोंढ्यात हमाली करायला लागले. गावाकडचे कागद थोरल्या दिरांनीच, अक्काच्या नवऱ्यानं केले; ते त्या रात्री शेतावर होते म्हणून वाचले. घरातले कर्ते म्हणून माझ्या मुलीचे सरकारी पैसेही त्यांनीच उचलले. किती ते मी लिहीत नाही. लिहिलं की तो तिचा भाव होतो. आठ-नऊ वर्षं ते बँकेत होते. पुढं त्यांचा मुलगा अकरावीला लातूरला आला तेव्हा ते क्लासमध्ये भरले. मालक विचारायला गेले आणि तसेच परत आले. “पोराच्या फीला गेले म्हणतो. आता काय भावाच्या नरड्याला हात घालू?” पुढच्याच वर्षी मालक गेले.

मला ते पैसे हवे होते असं नाही. माझ्यानं ते हातात धरवले नसते. पण माझ्या मुलीच्या मरणावर त्यांचा मुलगा डॉक्टर होणार, हे घशाखाली उतरत नव्हतं. तो काही डॉक्टर झाला नाही. मार्क कमी पडले. औषधाच्या दुकानात लागला. ते ऐकून मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लास झाले होते. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागायचे, निवडणुकीतल्या पुढाऱ्यांसारखे. आमच्या गल्लीत प्रत्येकानं माडीवर पत्रे टाकून खोल्या काढल्या. मी मेस चालवायला लागले. नऊ मुली जेवायच्या, त्यातल्या चौघी वरच्या खोलीत राहायच्या. मला बोलावं लागायचं नाही, त्याच बोलायच्या.

“मावशी, आज वरणात डाळ हाय का? मायक्रोस्कोप आणू का वरून?”

“आण की. आणशील तेव्हा त्यात तुझी राहिलेली मेसची फीपण दिसते का बघ.” हे मी बोलले नाही. हे त्यांच्यातलीच एक माझ्या वतीनं बोलायची, आणि सगळ्या हसायच्या.

ती बोलणारी मुलगी नांदेडकडची, वरच्या खोलीत राहणारी. वडील शाळामास्तर. ती रिपीटर होती, म्हणजे बारावी झाली तरी डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी पुन्हा एक वर्ष बसलेली. क्लासमध्ये दर रविवारी परीक्षा आणि दर मंगळवारी यादी लागायची. यादीत खाली घसरलं की बॅच बदलायची, वरच्या बॅचमधल्या मैत्रिणी जिन्यात दिसल्या तरी बोलायच्या नाहीत. ती दोनदा घसरली होती. दुसऱ्यांदा घसरली तेव्हा तिनं एका कच्च्या वहीत एक गोष्ट लिहायला घेतली.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. चार वाजता परीक्षा देऊन आलेल्या मुली स्वयंपाकघरात पाय पसरून बसायच्या, मी चिवडा करायचे आणि ती वाचायची. मी शेंगा फोडत ऐकायचे.

गोष्ट पुढच्या काळातली. एक शहर, भोवती भिंत. जन्मलेल्या प्रत्येकाला नाव नाही, नंबर. आठवड्याला यादी लागते, रेघेखाली जाईल त्याला भिंतीबाहेर काढतात. देवाला हात जोडायला बंदी, कारण हात जोडणारा माणूस यादीला घाबरायचा थांबतो. त्यात वंगाळ काही नव्हतं. कुणाचे गळे कापणं नाही, पोरापोरींचं लफडं नाही. बापासमोर मोठ्यानं वाचावी अशी. पण ऐकताना छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं.

“त्या शहरात क्षमा हा गुन्हा होता,” तिनं एकदा वाचलं.

“क्षमा म्हणजे?” मी विचारलं. एरवी मी मधे बोलत नसे.

“माफी, मावशी.”

“फी माफ असते तशी?”

सगळ्या हसून लोळल्या. “आमच्या क्लासवाल्याला सांगा ना मावशी तेवढं!” मी लाजले. पण मला माफ म्हणजे तेच माहीत होतं. सारा माफ, फी माफ. वरच्यानं खालच्याला सोडून द्यायचं ते.

त्याच महिन्यात अक्का लातूरला आली. दीर वारले होते. ती मुलाजवळ एका खोलीत राहायला लागली आणि कुणाच्या तरी मेसमध्ये भाकरी थापायला जाऊ लागली. हे मला कानावर आलं होतं. ती माझ्या दारात येईल असं वाटलं नव्हतं.

आमची कुलदेवी माहूरची रेणुका. सासूबाईंची परडी अक्काकडं होती. परडी म्हणजे वेताची लहान टोपली, देवीच्या नावाची. मंगळवारी, शुक्रवारी ती हातात घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. मागणारी श्रीमंत असो की गरीब, त्या वेळी ती देवीची असते. तिला कुणी नाही म्हणत नाही, मूठभर पीठ घालतात.

शुक्रवारी सकाळी मी कणीक मळत होते आणि दारात हाक आली, “जोगवा वाढा, माय.” आवाज ओळखला. माझे हात परातीतच राहिले. नांदेडची मुलगी तापामुळं घरी होती. तिला म्हटलं, “डब्यातलं मूठभर पीठ घालून ये.”

ती परत आली ती घडी केलेल्या नोटा घेऊन. “मावशी, हे उलटंच झालं. मागायला आलेली बाईच पैसे देऊन गेली. म्हणाली, मुलीचे हायेत. कोणत्या मुलीचे?”

“माझ्या,” मी म्हटलं. तिला माहीत नव्हतं मला मुलगी होती. मी चार वाक्यांत सांगितलं. तिनं माझ्यापुढची परात ओढून घेतली आणि पोळ्या वेड्यावाकड्या लाटल्या.

दर शुक्रवारी अक्का यायची. मी कुणाला तरी पीठ देऊन पाठवायचे. थोड्याच नोटा असायच्या, भाकरी थापून मिळणाऱ्या. एकदा बँकेचं जुनं पासबुकही तिनं ठेवलं, दिरांच्या नावाचं. म्हणजे किती द्यायचे ते मला कळावं.

“मावशी, तुम्ही स्वतः का जात न्हाई? आणि देवापुढं दिवा का लावत न्हाई?” नांदेडच्या मुलीनं विचारलं.

“वेळ कुठं असतो,” मी म्हटलं. खरं तर भूकंपानंतर मी माहूरला गेले नव्हते. देवीची ओटी भरली नव्हती. पण परडीला नाही म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

गोष्टीतल्या मुलीनं भिंतीतल्या एका फटीत दिवा लपवला होता. तो तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला माहीत होता. मैत्रिणीच्या भावाचा नंबर रेघेखाली गेला तेव्हा त्याला वाचवायला तिनं दिव्याचं सांगून टाकलं. मुलीला घरच्यांसकट भिंतीबाहेर काढलं. पुढं मैत्रीणही घसरली आणि भिंतीबाहेर उपाशीपोटी तिच्याच दाराशी आली. तिथं वाचन थांबलं.

“आता काय करावं तिनं?” नांदेडच्या मुलीनं सगळ्यांना विचारलं. कुणी काही म्हणालं, कुणी काही. मग ती म्हणाली, “मावशीला विचारू.”

“दार उघडू नये,” मी म्हटलं. इतक्या पटकन की सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

तिनं तसंच लिहिलं. पण पुढच्या रविवारी ती वही मिटून बसली. “मावशी, चारदा लिहिलं. दार उघडलं न्हाई की ती आतच बसून राहते. काही करतच न्हाई. गोष्ट पुढं चालना.” तिनं हे रागानं सांगितलं, गणित सुटत नसल्यासारखं.

त्या शुक्रवारी घरात कुणी नव्हतं. सगळ्या क्लासच्या जादा तासाला. हाक आली आणि मलाच जावं लागलं.

अक्काचे केस पिकले होते. गळ्यात कवड्यांची माळ. तिनं परडी पुढं केली, मी पीठ घातलं. तिनं पदराची गाठ सोडून नोटा उंबऱ्यावर ठेवल्या. मला एवढंच वाटलं की हे थांबावं, हिनं येऊ नये. मी म्हटलं, “राहू दे. माफ केलं.”

“काय माफ केलंस?”

“पैसे.”

“पैसे माफ कराया तू काय सरकार हायेस?” ती एकदम चिडली. बारा वर्षांनी बोलणं झालं ते असं. “पैसे म्या देनार. एकेक रुपाया देनार. ते माफ करू नको. दुसरं कर.”

“दुसरं काय?”

तिनं परडी दोन्ही हातांनी छातीशी धरली. “ही हातात असली की खोटं बोलता येत न्हाई, म्हनून घिऊन येते. दर शुक्रवारी सांगाया येते अन् तू पोरींना धाडतीस.” मग ती हळू बोलायला लागली. “एकच हाताला लागलं म्हनले होते. एक न्हाई. पयला हात तुझ्या लेकीचा लागला. मनगटाला काकणं होती. गणपतीला मीच भरली होती. काकणं लागली, तशी म्या हात सोडला अन् पलीकडं माझं लेकरू चाचपलं. त्याला बाहेर टाकून माघारी फिरले तवर वरचं मातीचं माळवद बसलं होतं.”

मी विचारलं, “तिनं तुझा हात धरला होता का?”

“धरला होता.”

मी दार लावलं.

त्या दिवशी भाजी करपली, भात कच्चा राहिला. मुली तेच जेवून गेल्या. पुढचे तीन शुक्रवार मी वाटीत पीठ घालून पायरीवर ठेवलं आणि आत बसून राहिले. वाटी रिकामी व्हायची आणि तिच्यात नोटा असायच्या. तिला तोंड दाखवायचं नाही आणि देवीला पीठ चुकवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. देवीला हे चाललं असेल का, माहीत नाही. कपाटातला तिचा फोटो मी बारा वर्षांनी बाहेर काढला, ओल्या फडक्यानं पुसला, आणि तिला विचारलं, तू कुठं होतीस? नांदेडात माझ्या आईच्या उशाशी मी तुझंच नाव घेत होते.

मी रोज तिच्यासमोर बसायचे, भांडायचे, मनातल्या मनात. दिवा लावायचे, कारण अंधारात भांडता येत नव्हतं. आणि एके दुपारी तांदूळ निवडताना माझ्या मनात आलं की अक्काच्या मुलाच्या मनगटाला काळा दोरा असायचा, दृष्ट लागू नये म्हणून. त्या पहाटे अक्काच्या जागी मी असते आणि माझ्या हाताला आधी तो दोरा लागला असता तर. मी ताट बाजूला सारलं. मी काय केलं असतं ते मला माहीत होतं. ते इथं लिहिणार नाही.

रविवारी नांदेडची मुलगी एकटीच होती. त्या रविवारी परीक्षा नव्हती, बाकीच्या गावी गेल्या होत्या. मी तिला म्हटलं, “ती गोष्टीतली दाराबाहेरच उभी आहे का अजून?”

“हाव. तुम्हीच उभी केलीत.”

“उघडायला लाव दार.”

तिनं पेन घेतलं. “मग काय म्हणते ती? क्षमा केली म्हणते?”

“काही म्हणत नाही. भाकर देते.”

“एवढंच? मावशी, वाचणाऱ्याला कळायला पायजे ना, माफ केलं का न्हाई केलं.”

“तिलाच कुठं कळलंय? उपाशी आहे म्हणालीस ना ती. आधी जेवू दे.”

तिनं पान उलटलं. मग लिहायला लागली. त्या दिवशी तिनं पाच पानं लिहिली. तिची गोष्ट पुरी झाली, परीक्षा मात्र दुसऱ्यांदाही गेली. नांदेडला बीएस्सीला प्रवेश घेतला. जाताना माझ्या पाया पडली आणि वही हातात दिली. “मागची पानं कोरी आहेत मावशी. तुमची गोष्ट तुम्ही लिहा.” वडील बिचारे ट्रंक उचलून आधीच रिक्षात बसले होते. मुलगी नापास झाली म्हणून त्यांनाच माझी लाज वाटत होती.

गोष्टीतलं दार उघडलं त्या रविवारनंतरच्या शुक्रवारी मी दाराजवळच बसून होते. हाक यायच्या आधी उघडलं. अक्का दचकली. मी पीठ घातलं. तिनं नोटा ठेवल्या आणि माझ्या कपाळाला भंडारा लावायला बोट उचललं, मग थांबली. मी मान पुढं केली. तिनं बोट टेकवलं.

असं पुढं सहा वर्षं चाललं. कधी ती पायरीवर बसायची, मी चहा द्यायचे. एकदा मी विचारलं, काकणं कोणत्या रंगाची होती. मला आठवत नव्हतं, मी नांदेडला निघाले तेव्हा मनगटं रिकामी होती. “हिरवी,” ती म्हणाली. “एक लाल पायजे म्हनली, मग एक लाल घातलं.” हे सांगणारं तिच्याशिवाय जगात कुणी नव्हतं. मी आत जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुन्हा बाहेर आले.

मी तिला माफ केलं का, हे मला आजही सांगता येत नाही. काही दिवशी वाटतं केलं. काही दिवशी गल्लीतून एखादी मुलगी काकणं वाजवत जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. त्या शुक्रवारीही मी दार उघडते.

परवा ती आली तेव्हा भाकरीचं काम सोडलं म्हणाली, गुडघे जातात. पदराची गाठ सोडली, नोटा काढल्या. बाकीच्या ठेवल्या आणि शेवटची एक हातातच धरून बसली.

“ठेव की,” मी म्हटलं.

“ही ठिवली की फिटलं,” ती म्हणाली. “मग म्या कशाला यायाचं?”

“पीठ न्यायला यायचं. दर शुक्रवारी.”

तिनं नोट उंबऱ्यावर ठेवली. मी पासबुक आणलं, त्यातला आकडा वर लिहिला, सहा वर्षांत किराण्याच्या यादीमागं टिपलेले खाली लिहिले आणि चौथीत शिकवली तशी हातचा घेऊन वजाबाकी केली. एकदा चुकली म्हणून पुन्हा केली. शेवटी नुसती शून्यं उरली.

“फिटले,” मी म्हटलं.

“सगळे?”

“सगळे, अक्का.”